कमानीत पाटे किती

१८ मार्च १९६८, सोमवार

टोपल्या भरून रस्त्यावर आले तर जीप विटांवर! मागची चाकं काढलेली. खालून चार पाय बाहेर — दोन यांचे, दोन कचरू मिस्त्रीचे. दोघांचं बाकीचं अंग आत, भांडत.

म्हटलं, "बुलढाण्याले कवा निघाचं? टमाटे माह्यावाणी नाईत. ते वाट नाई पाहात."

आतून यांचा आवाज — "कमानी बदलून राह्यलो. उद्या जाऊ."

उद्या म्हणे! टमाट्यांना सांगते, आज पिकू नका, मालकाला काम आहे.

कमान म्हणजे जीपच्या पोटाखाली, चाकाच्या वर, लोखंडाचे वाकडे पाटे एकावर एक बांधलेले असतात ती. सगळं ओझं तिच्यावर. पाटे जास्त घातले की कमान कडक, कमी घातले की मऊ. हे मला शाळेत नाही शिकवलं. शाळा चौथीतच सुटली. हे नवऱ्यानं शिकवलं — न विचारता, जेवताना.

१९ मार्च

भानगड काय ती आज कळली. १ मेला बुलढाण्यात परेडच्या मैदानावर मोटारींची स्पर्धा आहे. मोटारवाल्यांच्या मंडळानं ठेवली. मैदानात रिकामे ड्रम मांडणार. त्यांच्यामधून गाडी सापासारखी काढायची, वळवायची, परत आणायची. ड्रम पाडला की दंड. सगळ्यात लवकर येईल तो पहिला. आणि अट अशी की गाडी रोजच्या धंद्याची पाहिजे. ज्या कमानींवर रोज माणसं वाहता त्याच कमानी. त्या दिवसापुरत्या बदलल्या तर बाद.

म्हणजे एकच कमान — तिनं रस्त्यावर माणसांची हाडं सांभाळायची आणि मैदानात ड्रम चुकवायचे. एकाच सुनेनं दोन सासवा सांभाळाव्या तसं.

मी म्हणाले, "पहिला येऊन काय भेटते? फोटो?"

तेव्हा खरं बाहेर आलं. मंडळात एक मोठे साहेब आहेत. ते बोलले म्हणे, पहिला येईल त्याला आमच्या सरकारी ऑफिसच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून घेऊ. कायम. वयाचं ते बघून घेणार.

माझं मत कुणी विचारलं नाही म्हणून इथं लिहिते — ही नोकरी लागली पाहिजे. एक तारखेला पगार. पावसाळ्यात रस्ता बंद तरी पगार. म्हातारपणी पेन्शन. आणि साहेबाच्या जीपमध्ये कोंबड्या नसतात.

२२ मार्च

कडक कमान. कचरूनं मागं पाटे वाढवले. म्हणतो, "वयनी, आता हे जीप झुकनार नाई. मी लढाईतल्या ट्रका उभ्या केल्या हाये." कोणती लढाई ते दर वेळी बदलतं.

बुलढाण्याला निघालो. पुढच्या सीटवर माझ्या टोपल्या, मागं मी, बनाबाई आणि बाकीचे खच्चून. बनाबाई म्हातारी अंडी विकते. टोपली मांडीवर, टोपलीवर पदर, पदरावर दोन्ही हात. गावाबाहेरचा पहिला खड्डा आला — सगळे वर गेले. खाली येताना ज्याच्या त्याच्या जागेवर कुणीच आलं नाही.

बनाबाईनं पदर उचलून पाहिलं. ओरडली, "जानराव! माह्या कोंबड्याइची मेहनत पाण्यात घातली रे बाप्पा!"

हे पुढून — "काकू, वळणावर पाह्यलं का? झुकली का जीप?"

"जीप कायले झुकते? मीच झुकली!"

बुलढाण्यात टमाटे उतरवले. खालचा थर म्हणजे रस्सा. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मीठ बी टाकून देता का?"

२५ मार्च

मऊ कमान. पाटे काढले. झोप लागली हो जीपमध्ये! बनाबाई तर घोरत होती. टमाट्याला खरचटलं नाही. मी म्हटलं, झालं, हीच ठेवा, देव पावला.

परत येताना जीप भरली. कुणी विहिरीच्या मोटरचं सामान घातलं, कुणी बकरी. मागचा भाग असा बसला की पुढचे दिवे झाडांचे शेंडे पाहायला लागले. नाल्याच्या वळणावर जीप अशी कलली — बनाबाई थेट शाळेच्या मास्तरच्या मांडीत. मास्तर लाजला. बनाबाई नाही लाजली.

हे म्हणाले, "अशी कलली तर मैदानात उलटी पडंन."

मी म्हटलं, "बाज इनाची असते तसंच हाये हे. कसून इनली का पाठ दुखते, ढिली इनली का माणूस खड्ड्यात. मधातलं पाहा."

"बाज वळणावर घ्याची नसते," म्हणाले. उत्तर पाहा! यांच्याशी बोलण्यापेक्षा बकरीशी बोललेलं बरं.

२८ मार्च

आज सराव. गावाबाहेरच्या पडीक रानात तुपाचे रिकामे डबे मांडले, ड्रमच्या जागी. मी बांधावर बसले.

हे एकटे जाणार होते. पण आमच्या धाड गावात रिकामी जीप हललेली कुणी पाहिली नाही! जीप निघते म्हटल्यावर माणूस आधी बसतो, कुठं जाते ते मग विचारतो. पाहता पाहता जीप भरली. एक जण म्हणाला, "बुलढाण्याले ना?" त्याला डब्यांभोवती फिरवून त्याच जागी उतरवलं. उतरल्यावर म्हणतो कसा, "रस्ता सुधरला."

कचरू पुढं यांच्या शेजारी. मान खाली घालून, कान जमिनीकडं. कमानींचा आवाज ऐकतो म्हणे. डॉक्टर!

डावीकडचे डबे उभे राहिले. उजवीकडचे पडले. एक तर चाकाखाली सपाट. कचरू उतरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "उजवी कमान बसली हाये जानभाऊ. वळतानी जीप तिकडं वढते."

हे लगेच — "मले बी तसंच वाटलं."

३१ मार्च

उजव्या बाजूला एक पाटा जास्त. डाव्या बाजूला नाही. जीप आता अशी उभी राहते, जसा एक पाय दुखणारा बैल. मागं बसलेले सगळे डावीकडं घसरतात. डाव्या टोकाला जो बसेल त्यानं मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार.

कचरूनं दोरी लावून दोन्ही बाजू मोजल्या. मोजल्यावर पुन्हा मोजल्या. पाटा घालायच्या आधी बाजू सारख्याच होत्या म्हणे. मग घातला कशाला?

"डबे पडत व्हते ना वयनी."

डबे आजही पडले. उजवीकडचेच.

४ एप्रिल

पाटा काढला. उद्या घालतील.

७ एप्रिल, रविवार

आज मरत होतो.

बुलढाण्याहून येताना समोरून एसटी. रस्ता सरळ, दिवसाउजेडाची वेळ, एसटी केवढी! आमचे हे मधोमध. मला वाटलं, आता घेतील बाजूला, आता घेतील. एसटीवाल्यानं भोंगा वाजवला तेव्हा यांनी गचकन डावीकडं मारली. जीप खाली मातीत, बनाबाई माझ्या अंगावर, मी टोपलीवर. एसटी गेली, तिचा वारा तोंडाला लागला.

जीप लढाईतली आहे, अमेरिकेची, स्टिअरिंग डाव्या हाताला. समोरची गाडी उजवीकडून जाते, शेजारच्या सीटवर काही असलं की दिसत नाही — हे मला माहीत आहे. पण हे काय म्हणाले? "तुह्या टोपल्या आड आल्या!"

माझ्या टोपल्या! चांगल्या सीटच्या खालीच होत्या. मी म्हटलं, "रोज आड नाई येत, आजच आल्या?" मग म्हणाले, कमान कडक झाली, स्टिअरिंग वेळेवर ऐकत नाही. मग म्हणाले, एसटीवाला बेवडा असेल. तीन कारणं सांगणारा माणूस मला आवडत नाही. एकच सांगावं, खोटं तर खोटं.

बनाबाई खाली उतरून चालायला लागली. आम्ही मागून जाऊन बसवली. बसताना म्हणाली, "कमानीपायी मराचं नाई मले. तापानं मरन, चांगलं वाटंन."

११ एप्रिल

आमची जीप पुन्हा विटांवर. स्टँडवर सगळे हिंमतरावच्या जीपमध्ये.

हिंमतराव म्हणजे आमच्या यांचा मामेभाऊ. त्याचीही जीप, तोही १ मेला उतरणार. कमानी कंपनीच्याच, कधी हात लावला नाही. दात मात्र रोज दाखवतो. मला पाहून म्हणाला, "या वयनी, आमच्यात बसा. टमाटे टमाटेच राह्यतीन, चटणी नाई होनार."

बसले मी! काय करता. रस्त्यानं सगळे माझ्याकडं पाहत होते, जशी दुसऱ्याच्या घरी नांदायला चालले.

हिंमतराव म्हणाला, "जानभाऊले सांगा, जीप चालवून जिंकते, इस्कटून नाई."

मी म्हटलं, "तुमी चालवा भाऊजी, बोलाचं मंग पाहू. तुमचं तोंड पुढं चालते अन् जीप मागून."

मागचे हसले. हिंमतरावनं मुद्दाम खड्ड्यात घातली. तरी टमाटे शाबूत. हे मी घरी सांगितलं नाही. पण टोपली पाहून यांना कळलं. जेवले नाहीत धड.

१६ एप्रिल

ठरलं! पुढं मऊ, मागं कडक. दोन्ही बाजू सारख्या.

कचरूनं मला चुलीपाशी बसून समजावलं. पुढची कमान कडक केली तर जीप वळायचं नाव घेत नाही, सरळ जाते — हट्टी माणसासारखी. मागची कडक केली तर शेपूट पटकन फिरते, तोंड आपोआप डब्याकडं येतं. पण मागची फारच कडक केली की शेपूट तोंडाच्या पुढं निघतं. म्हणून मागं दोन पाटे काढले, एक घातला. जीप भरली की ना बसते ना उडते. टमाटेही बरे राहिले. खालचा थर थोडा दबला, पण विकला गेला.

मला पटलं. हे मी कचरूला सांगितलं नाही, नाहीतर आणखी एक लढाई जिंकून आला असता.

सरावात माणसं भरून जीप अशी फिरली की बांधावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकही डबा पडला नाही! मी पण वाजवली. एकदाच.

१९ एप्रिल

काल सगळे डबे उभे. आज गुरं त्या रानातून गेली आणि उजवीकडचा एक डबा जरा आत सरकला. सगळ्यांना दिसत होता. हे थेट त्याच्यावरून गेले. डबा जीपखाली वाजत वाजत गेला, लग्नातल्या ताशासारखा.

मी म्हटलं, "अहो, समोर व्हता ना!"

"त्याच्या जाग्यावर नव्हता," म्हणाले.

वा! ड्रमनं आपल्या जागेवर राहावं, मग आमचे हे त्याला चुकवणार. कचरूनं लगेच सांगितलं, उजवीकडचा शॉकअप गळतो. तो बदलला. जीपचा उजवा भाग आता डाव्यापेक्षा नवा आहे.

२७ एप्रिल, शनिवार

कपाळ!

मंडळाचा माणूस आला, स्पर्धेचे नियम सांगून गेला. गाडीत ड्रायव्हर आणि एक मदतनीस, बस. तिसरं माणूस नाही, पोतं नाही, दगड नाही.

हे आणि कचरू एकमेकांकडं पाहत राहिले. दीड महिना कमानी बसवल्या त्या भरल्या जीपवर! प्रत्येक पाटा माणसं मोजून घातला — बनाबाई धरून, मास्तर धरून, बकरी धरून. जीप रिकामी असते हे धाडमध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मीही बांधावर बसून टाळ्या वाजवल्या, मला बोलायला जागा नाही.

संध्याकाळी दोघं रिकामी घेऊन रानात गेले. जीप कुठली, बोकड! मागचा भाग जमिनीला टेकेना. वळली की मागची चाकं हवेत, खाली आली की एक हात बाजूला. कचरूनं डोक्याचा रुमाल काढून तोंडात धरला होता.



२८ एप्रिल

पाटे काढावे तर पुन्हा तीच गोष्ट — रोजचं ओझं घेऊन जीप बसते. काल-परवापर्यंत ज्यावर माणसं वाहिली तीच कमान पाहिजे, मंडळवाले बसलेल्या माणसांना विचारणार आहेत म्हणे. आणि बनाबाई खोटं बोलत नाही. ती तर न विचारता खरं बोलते.

शेवटी एक पाटा काढला, फक्त मागचा. त्यावर आज दोन फेऱ्या माणसं वाहिली. चालते. पण रिकामी अजून उडते. मागं नाही तर निदान पुढं तरी चांगलं वजन पाहिजे, म्हणतो कचरू.

कचरू स्वतः म्हणजे शेवग्याची शेंग. तो मदतनीस बसला काय, नुसता सदरा टांगला काय.

३० एप्रिल

आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. पुरण शिजत होतं. ओट्यावर दोघांची खलबतं. वजनदार माणूस कोण? मारवाडी दुकानदार — तो यायचा नाही. सरपंच — तो आला तर त्याच्याबरोबर चार येतील. पैलवान लग्नाला गेला.

मी पुरण वाटत होते, मान वर केली तर दोघं माझ्याकडं पाहत होते.

कचरू हळूच म्हणाला, "वयनी... राग नोका मानू..."

राग! पाटा डोक्यात घालणार होते. मग साहेबाची जीप डोळ्यांसमोर आली. हे म्हणाले, "बाईमाणूस मैदानात? लोकं हासतीन."

मी म्हटलं, "लोकं आताबी हासून राह्यले. तुमाले आयकू येत नाई फक्त. बसतो मी. पण नव्या लुगड्यानं बसन."

१ मे, बुधवार

लिहिते.

मैदान चुन्यानं आखलेलं. ड्रम पांढरे रंगवलेले. लाउडस्पीकर. साहेब सावलीत खुर्चीवर. मंडळवाल्यांनी नियमाचा कागद दोनदा वाचला — मदतनीस पुरुषच पाहिजे असं कुठं लिहिलेलं सापडेना.

हिंमतराव ओरडला, "काय जानभाऊ, कमानीवर दाबाले वयनी आणली का?"

मी म्हटलं, "हाव! तुमी तुमची आणा, नाईतर तिले इचारा, तुमी एवढे हलके काऊन!"

सगळं मैदान हसलं. साहेबसुद्धा.

हिंमतरावची फेरी झाली. चांगली झाली, खोटं कशाला लिहू. एकच ड्रम पाडला.

मग आमची. मी यांच्या उजवीकडं, दोन्ही हातांनी दांडी धरून. शिट्टी वाजली. पहिला ड्रम डावीकडं — सुटला. दुसरा उजवीकडं, आणि जीप थेट त्याच्यावर! हे सरळच चालले होते, जसं तिथं काही नाहीच. मी ओरडले, "अहो ड्रम! माह्याकडं! माह्याकडं!" गचकन स्टिअरिंग फिरलं. मागचं शेपूट घसरलं, ड्रमच्या बाजूनं हातभर अंतरानं गेलं.

मग मी थांबलेच नाही. गप्प बसणं मला कधी जमलं? "आला! आता! अजून नाई! आता फिरवा! सोडा!" मी ओरडले की हे फिरवायचे. नाही ओरडले की सरळ. लग्न झाल्यापासून माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं! जीप वळणावर उडायला बघायची, माझ्या बाजूनं खाली बसायची. कमान कुरकुरली, पण धरून राहिली. लुगडं सगळं चुन्यानं पांढरं.

एकही ड्रम पडला नाही.

पहिले! आम्ही पहिले!

कचरू रडला. मी नाही रडले, डोळ्यात चुना गेला होता. साहेब उठून आले, यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "काय कमान बसवली आहे! आणि काय नजर!" हे खाली पाहत राहिले. लाजले, मला वाटलं.

३ मे

कचरूच्या दारात रांग. चिखलीहून एक आला, खामगावहून ट्रकवाला आला. "जानरावसारखी कमान" पाहिजे. ट्रकवाल्यालाही! कचरू सांगतो, पाट्यांचं गणित मी देवाजवळ केलं. माझ्या वजनाचं नाव काढत नाही, हे त्याचं चांगलं.

बनाबाईनं एक अंडं आणून दिलं. "जिंकले म्हून नाई," म्हणाली, "आता साहेबाले हालवा, मले सोडलं म्हून."

मी भिंत कुठं सारवायची, बुलढाण्यात खोली कुठं पाहायची, याचा विचार सुरू केला. टमाट्याचं रान वाट्यानं लावून द्यावं.

४ मे, शनिवार

साहेबांचा पट्टेवाला आला. त्याला बसवलं, चहा दिला, वर खारे शेंगदाणे. तो म्हणाला, मंगळवारी सकाळी ऑफिसात या. तिथून सरकारी दवाखान्यात नेतात, मोठे डॉक्टर तपासतात — छाती, कान, डोळे, सगळं. साधी गोष्ट आहे. मग लगेच रुजू.

पट्टेवाला गेला. हे बराच वेळ जीपच्या चाकापाशी बसून राहिले. म्हटलं आनंद झाला असेल. कोट धुवायला घेतला.

७ मे, मंगळवार

गेले नाहीत!

कोट घडी करून ठेवला होता. भाकरी बांधून दिली होती. अंगणात आले, जीपवर हात ठेवला, परत आत आले आणि बाजेवर पडले. म्हणतात, "नाई जाचं मले. नोकरी नको."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पान जळेल. दीड महिना घराचं रान केलं, टमाट्याचा रस्सा केला, बनाबाईची अंडी फोडली, मला बाईमाणसाला ड्रमांमधून फिरवलं — आणि नोकरी नको? काऊन? तर म्हणे, साहेबाची हांजी हांजी आपल्याला जमत नाही. मग म्हणे, डॉक्टरले कायले दाखवाचं, मी का बिमार हाये? मग म्हणे, जीप कोण पाहील.

परत तीन कारणं.

कचरू येऊन बसला, विडी न पेटवता धरून. "जानभाऊ, माह्या कमानीची इज्जत तरी ठेवा." हे भिंतीकडं तोंड करून.

संध्याकाळी कळलं — दुसरा आला म्हणून हिंमतरावला बोलावलं. तो उद्या दवाखान्यात जाणार. त्याच्या घरी साखर वाटली. आमच्याकडंही पाठवली. मी घेतली. साखरेचा काय गुन्हा.

८ मे

बोलणं बंद. त्यांचं नाही, माझं. गावात कुणाला खरं वाटत नाही.

९ मे, गुरुवार

बोलणं बंद, चहा बंद नाही. हे ओट्यावर बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. कप घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. बोलायचं नव्हतं म्हणून नुसता हात पुढं केला.

डावीकडून मागं मान वळवून घरात ओरडले — "चहा आणतं का व, का तेबी बंद केलं?"

मी हातभर अंतरावर होते. कपातून वाफ निघत होती. उजवीकडचे डबे आठवले, एसटी आठवली.

मी फिरून डावीकडं गेले. कप दिला. घेतला.

उद्या बाजार. सकाळपासून माणसं जीपची वाट पाहत बसतील. खुंटीवरची चावी काढली, त्यांच्यासमोर पदराला बांधली. काऊन, म्हणून यांनी विचारलं नाही.